‘एखादं वेगळं मूल घालू का?’ मुलांच्या पुस्तकात वैविध्य आणताना या चुका टाळा

पुस्तक छपाईला जायला दोन आठवडे उरले की फोन येतो. ‘सगळी पात्रं एकाच छापाची वाटतायत हो. एखादं व्हीलचेअरवरचं मूल घालू का? निदान चित्रात तरी?’

मुलांच्या पुस्तकांचं संपादन करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की माझं उत्तर ठरलेलं आहे: आता घालू नका. दोन आठवड्यांत घातलेलं मूल चित्राच्या कडेला जाऊन बसतं. गोष्टीत त्याला काम नसतं, नाव नसतं, बोलणं नसतं. मुलं चित्राचा कोपरान् कोपरा बघतात. स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाला आपल्यासारखं कुणीतरी सापडतं तेही नेमकं कडेलाच. पुढच्या पुस्तकाची गोष्ट सुचत असताना हा प्रश्न विचारलात तर मी दोन तास बोलायला तयार आहे.

डोकी मोजून समाधान मानणं

मोजणी वाईट नाही. १९६५ साली अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी आधीच्या तीन वर्षांतल्या पाच हजारांहून अधिक बालपुस्तकांची माहिती प्रकाशकांकडून मागवून मोजणी केली. चित्रात किंवा मजकुरात किमान एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली पुस्तकं निघाली ६.७ टक्के. पण त्या तिथे थांबल्या नाहीत. त्याच काळातल्या, अमेरिकेतच राहणाऱ्या कृष्णवर्णीयांची गोष्ट सांगणारी पुस्तकं किती, हेही त्यांनी पाहिलं. ती एक टक्कासुद्धा भरली नाहीत.

ब्रिटनमध्ये २०१७ साली निघालेल्या ९,११५ बालपुस्तकांची अशीच पाहणी झाली. वांशिक अल्पसंख्याक पात्रं ३९१ पुस्तकांत होती, म्हणजे सुमारे चार टक्के. मुख्य पात्र तसं असलेली पुस्तकं मात्र फक्त एक टक्का. या चार आणि एकमधलं अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणून गर्दीच्या चित्रात किती रंगांचे चेहरे आहेत ते मी मोजत बसत नाही. गोष्ट कुणामुळे पुढे सरकते, चूक कोण करतं, शेवटचा निर्णय कुणाचा, एवढं पाहते.

दुसऱ्याला शहाणं करायला आणलेलं मूल

ही चूक पाहून मी खरोखर थकले आहे. गोष्ट अशी असते: एक धडधाकट, जरा आडमुठा मुलगा. त्याच्या वर्गात एक अंध मुलगी येते. ती गोड, समजूतदार, कधीही न चिडणारी. मुलगा आधी तिला हसतो, मग ती त्याला संकटातून सोडवते, मग त्याचे डोळे उघडतात. ‘डोळे उघडतात’ हे शब्दही हमखास असतात. मुलीचं काय होतं? काही नाही. पहिल्या पानावर जशी होती तशीच शेवटच्या पानावर. तिला काही हवं नव्हतं, तिचं काही हरवलं नव्हतं, तिने कुणाशी भांडणही केलं नाही.

अशी गोष्ट लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून ती परत पाठवणं जड जातं. तरी पाठवते. कारण मुलीला काढून तिच्या जागी बोलणारा पोपट ठेवला तरी गोष्ट चालते, आणि असं पुस्तक अंध मुलाच्या हाती द्यायला माझं मन धजत नाही.

किशोरांच्या कादंबरीत हीच चूक मोठी होऊन येते. नायिकेचा समलिंगी मित्र तिच्या प्रेमप्रकरणात रात्र रात्र जागून सल्ले देतो. त्याचं स्वतःचं प्रेम दोन ओळींत आटोपतं, नाहीतर शेवटाला तो मरतो आणि नायिका समंजस होते.

माझी सवय सांगते. संहितेच्या पहिल्या पानामागे मी पेन्सिलने त्या मुलाबद्दल तीन गोष्टी लिहिते: त्याला काय हवंय, तो कशाबद्दल खोटं बोलतो, आणि त्याला कोण अजिबात आवडत नाही. तिन्हींत त्याचं अपंगत्व, रंग, धर्म किंवा गरिबी येता कामा नये. तिन्ही रकाने भरले नाहीत तर पुढे वाचत नाही, लेखकाला फोन करते. नवखे लेखक म्हणतात, ‘पण खोटं बोलणारी अंध मुलगी दाखवली तर वाईट दिसेल ना?’ का दिसेल? सगळीच मुलं खोटं बोलतात.

शेवटी ‘बरं’ करणं

मूल चांगलं वागलं म्हणून शेवटच्या पानावर चालायला लागतं, दिसायला लागतं. हे कधीही करू नका. जे मूल उद्याही चालणार नाही, ते यातून काय समजेल याचा विचार करा.

चित्रं पूर्ण झाल्यावर विचारायला जाणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून जरा सविस्तर.

वर सांगितली तसलीच एक गोष्ट होती. लेखिकेने मनापासून दुरुस्ती केली होती: अंध मुलीची शिट्टी हरवते आणि ती चोर शोधायला निघते. गोष्ट छान उभी राहिली. चित्रं आली, रंग भरून झाले, मुखपृष्ठ तयार झालं. मग, छपाईच्या तोंडावर, मी ती एका अंध शिक्षिकेला पाठवली. मजकूर त्यांनी संगणकावर ऐकला. चित्रं मी फोनवर वर्णन करून सांगत होते.

‘तिची काठी कुठपर्यंत येते?’ बाईंनी विचारलं.

‘कमरेपर्यंत.’

‘मग ती आधाराची काठी झाली. आमची साधारण छातीपर्यंत येते. आणि टोक कुठे आहे?’

टोक पायाशेजारी होतं, सरळ टेकलेलं. बाईंनी समजावलं: काठी पुढे असते आणि डावीउजवीकडे फिरते. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा टोक डावीकडे, डावा पाय पुढे तेव्हा उजवीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. आमच्या चौदा चित्रांत काठी होती आणि चौदाही चुकीची.

मग मी अभिमानाने सांगितलं की मुखपृष्ठावर पुस्तकाचं नाव ब्रेलमध्येही आहे.

‘पहिल्या अक्षराची टिंबं मोजा बरं.’

तीन ओळी, प्रत्येकीत तीन. नऊ. ब्रेलच्या एका घरात सहाच टिंबांची जागा असते, दोन उभ्या ओळी आणि प्रत्येकीत तीन. चित्रकाराने नक्षी म्हणून टिंबं काढली होती आणि मी ती तपासली नव्हती.

‘हाताला लागतात का?’

लागत नव्हती. ती शाईने छापायची होती. बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे हे ब्रेल डोळस माणसांसाठी आहे.’

शेवटचा धक्का मजकुराचा होता. मुलगी सगळ्यांचे चेहरे हाताने चाचपून ओळखते, असा भावुक प्रसंग गोष्टीच्या ऐन मध्यावर होता. बाई म्हणाल्या, ‘मी आयुष्यात कुणाचा चेहरा असा चाचपलेला नाही. लोक येतात आणि नाव न सांगता विचारतात, ओळख पाहू मी कोण! दिवसातून दहादा. लहानपणी मी मुद्दाम चुकीचं नाव सांगायचे.’

तो प्रसंग आम्ही काढला आणि ‘ओळख पाहू’ घातलं. मुलगी मुख्याध्यापकांना शाळेच्या शिपायाचं नाव घेऊन हाक मारते. वाचून दाखवलं की मुलं याच पानावर सगळ्यात मोठ्याने हसतात. पण चौदा चित्रं नव्याने काढावी लागली, छपाईची तारीख गेली, आणि चित्रकाराने जे तीन आठवडे राबून काढले ते माझ्या घाईमुळे.

तेव्हापासून मी तीनदा विचारते: गोष्ट एका पानाची असताना, चित्रं पेन्सिलची असताना, आणि छपाईआधी. दर वेळी मानधन देऊन. ‘जरा नजर टाका’ म्हणत कुणाचे चार तास फुकट घेणं मला मान्य नाही. आणि निदान दोघांना विचारते, कारण जन्मापासून न दिसणारी व्यक्ती आणि बाराव्या वर्षी दृष्टी गेलेली व्यक्ती रंगांबद्दल एकसारखं बोलणार नाहीत.

‘पण’ आणि ‘असूनही’

‘सावळी पण नाकीडोळी नीटस.’ ‘गरीब असूनही प्रामाणिक.’ ‘पाय नसले तरी हसतमुख.’ हे शब्द इतके तोंडी बसलेत की लिहिणाऱ्याला ऐकूच येत नाहीत. शेवटच्या वाचनात मी फक्त ‘पण’, ‘तरी’, ‘असूनही’, ‘बिचारा’ एवढेच शब्द शोधते. अर्धा तास लागतो. गोऱ्या पात्राचा रंग न सांगता सावळ्या पात्राचाच सांगितला असेल तर तेही इथेच सापडतं.

बोली फक्त कामवाल्या मावशींना

नायक, त्याचे आईवडील, निवेदक सगळे प्रमाण भाषेत, आणि एकट्या मावशी ‘लई’ आणि ‘पानी’ म्हणणार. ‘ण’चा ‘न’ केला की बोली होत नाही. तिला स्वतःची क्रियापदं, स्वतःचे शब्द, स्वतःचा ठेका असतो. तो कानात नसेल तर मावशींना साधं बोलू द्या. कानात असेल तर हुशार मुलाच्या तोंडी द्या.

लेखकाच्या ओळखीलाच प्रमाणपत्र मानणं

डच लेखिका कोरिन डायव्हिस यांनी २०१५ साली ‘ओन व्हॉइसेस’ हा शब्द रूढ केला. पात्राची आणि लेखकाची ओळख एक असलेली पुस्तकं वाचकाला सापडावीत, एवढाच हेतू होता. पुढे काही लेखकांवर आपलं खासगी आयुष्य उघड करण्याचा दबाव आला, आणि बालपुस्तकांतल्या वैविध्यासाठी काम करणाऱ्या ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ या अमेरिकी संस्थेने २०२१ साली तो शब्द वापरणं थांबवलं. स्वतःच्या समाजाबद्दल लिहिणाऱ्यांना आधी जागा मिळावी असं मला ठामपणे वाटतं. पण ‘तुम्ही नक्की कोण?’ असं मी कुणालाही विचारत नाही.

मलपृष्ठावरचा उपदेश

‘ही गोष्ट मुलांना सहानुभूती शिकवेल.’ गोष्ट नीट झाली तरी हे वाक्य मागे छापलेलं असतं. शिट्टीच्या पुस्तकावरही होतं. मी ते खोडलं आणि लिहिलं: ‘शिट्टी सकाळी दप्तरात होती. मधल्या सुट्टीत नव्हती. वर्गात तेव्हा तिघंच होते.’