थंडीत गाडी उठत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर लागला की आमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि सकाळी सहाला माझा फोन वाजायला लागतो. "दादा, गाडी उठत नाही." मी एकच विचारतो, सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतो? पलीकडे शांतता. आवाज ऐकलेलाच नसतो. चावी मात्र वीस वेळा फिरवून झालेली असते.

अहो, आवाजातच अर्धं निदान आहे. नुसतं टक-टक-टक झालं तर बॅटरी उतरलीय किंवा तिची जोडणी सैल आहे. घर्र... घर्र... असं रडत फिरलं तरी रोख तिकडेच. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका, मागे जाऊन सायलेन्सर बघा. डिझेल गाडीतून पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, म्हणजे आधी हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे प्लग, बघायचे. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाहीये. फिल्टर चोंदलाय किंवा लाइनने हवा धरलीय.

आणि सेल्फ एका वेळी फार तर दहा सेकंद. मग मिनिटभर थांबायचं. अर्धा-अर्धा मिनिट रेटणाऱ्यांचे जळके सेल्फ मी दरवर्षी खोलतो. वास अजून नाकातून जात नाही.

आता माझं खरं दुखणं. गाडी उठली नाही की नवी बॅटरी.

तीन-चार वर्षांपूर्वी एक बागायतदार अण्णा जुनी डिझेल जीप ओढून घेऊन आले. महिन्यात दोन बॅटऱ्या झाल्या होत्या. पहिली नवी घेतली, चार दिवस बरे गेले, थंडी वाढली की पुन्हा रडगाणं. दुकानदाराशी भांडून ती बदलून आणली, तरी तेच. "दोन्ही बोगस निघाल्या," अण्णा म्हणाले. पोरगा म्हणाला, "पण हेडलाइट तर झक्क लागतात." त्या पोराने नेमकी मेख सांगितली होती, फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर खातात. थंडीत डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला वाटेत एक शतांश ओहमचा अडथळा आला तरी दोन-तीन व्होल्ट तिथेच खपतात. दिव्यांना ते जाणवतही नाही, सेल्फ मात्र कण्हतो. मी जंपर केबलचं, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड तारेचं, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि अण्णांना म्हटलं, मारा. पहिल्या फटक्यात गाडी उठली. गिअरबॉक्सजवळची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिनातला करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी तारांची पट्टी, गंजून चार तारांवर लटकत होती. काम किरकोळ पैशांचं. अण्णांची मूळ बॅटरी बहुधा चांगलीच होती, पण ती एक्स्चेंजमध्ये जाऊन बसली होती.

म्हणून माझी सवय सांगतो. थोडा वेळ सेल्फ मारून झाला की बॅटरीची दोन्ही टर्मिनलं आणि अर्थिंगचा सांधा हाताने चाचपायचा. जिथे गरम लागेल तिथे चोर. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गाडी बंद ठेवून आधी मायनस काढा, कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने धुवा, ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. ग्रीस फासून आत बुरशी तशीच ठेवणाऱ्यांशी मी बोलत नाही.

बॅटरी खरंच गेलेली असू शकते, नाही असं नाही. रात्रभर उभ्या गाडीला मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे तब्येत ठणठणीत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना दहाच्या खूप खाली कोसळली तर चार्ज करून पुन्हा बघा आणि तरीही कोसळली तरच बदला. गंमत अशी की तिला मारतो आपला एप्रिल-मेचा चाळीस अंशांचा उन्हाळा. थंडी फक्त चहाडी करते.

हीटर प्लगचा दिवा विझायच्या आत सेल्फ मारणारे डिझेलवाले, तुम्हाला कसली घाई असते? डॅशबोर्डवरचा स्प्रिंगसारखा पिवळा दिवा शोभेला नाही. फार गारठा असेल तर मी चावी ऑन करून दिवा विझू देतो, ऑफ करतो, पुन्हा ऑन करून विझू देतो आणि मगच सेल्फ मारतो. प्लग तपासायला त्याची वायर काढा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक प्लगच्या डोक्याला लावा. दिवा लागला तर प्लग जिवंत. मेलेला काढायचा तो गरम इंजिनावर, हळूहळू. थंड इंजिनात पाना रेटलात तर प्लग तुटून हेडमध्ये अडकतो आणि छोट्या कामाचं हेड उतरवायचं काम होतं.

एअर फिल्टरला पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे? हीटर प्लगच्या गाडीत अजिबात नाही. लालबुंद प्लग आणि ती वाफ म्हणजे आत स्फोटच.

डिझेलमध्ये रॉकेल घालू नका. डिझेल गोठायची थंडी निफाडला पडत नाही, ती लडाखची गोष्ट आहे. तिथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. इथे रॉकेलाने फक्त पंपाचं वंगण जातं.

सीएनजीवाल्यांनो, टाकीत पाव भाग तरी पेट्रोल ठेवा. बहुतेक गाड्या थंड असताना पेट्रोलवरच उठतात.

ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, मित्र सांगतो ते जाडं नको.

धक्का मारणं शेवटचा उपाय. टायमिंग बेल्ट जुना असेल तर तोही नाही. आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर लावताना शेवटचा मायनस चिमटा बंद गाडीच्या बॅटरीला नाही, तिच्या इंजिनाच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच.