फुलांनी मान टाकली? या चुका टाळा

जरबेरा दुसऱ्याच दिवशी मान टाकतो, तेव्हा फुलाकडे बघत बसू नका. देठाचं टोक बोटांनी दाबून बघा. ते बुळबुळीत, तपकिरी आणि वास मारणारं असेल, तर फूल पाण्यात उभं राहूनही तहानलेलं आहे: जिवाणूंनी देठातल्या नळ्या बुजवल्यात. याचं मूळ बहुतेकदा तोडणीच्या बादलीत असतं. ती नुसती विसळून भागत नाही. साबणाने घासून ब्लीचच्या पाण्याने धुवा.

जरबेरा विळ्याने कापू नका. मागे राहिलेला ठोंब कुजतो आणि कुज गड्ड्यात उतरते. देठ तळाशी धरून, बाजूला कलवून ओढा. मग खालचा कठीण भाग दोन-तीन सेंटीमीटर छाटा, त्यातून पाणी चढत नाही. घाईही नको, मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन ओळींत पराग दिसला की तोडा.

ग्लॅडिओलसचं उलटं. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा काढायचा. पूर्ण उमललेले दांडे निपाणीहून बेळगावला पोचेतो पाकळ्या चुरगळतात. शिवाय आडवे रचले तर शेंडे वर वळतात, आणि वाकडा दांडा गुच्छवाला हातात धरत नाही.

काही दुखणी लावणीतलीच असतात. खानापूरच्या पावसात जरबेऱ्याचा गड्डा मातीत गाडला की कुजलाच समजा. तो मातीच्या किंचित वर हवा. चिकोडी-अथणीच्या काळ्या रानात गादीवाफे उंच करा. आणि लांब दांड्याच्या हव्यासाने युरिया ओतू नका, देठ पोकळ-लुसलुशीत होतात.

घरी आणल्यावर देठ पुन्हा तिरके छाटा, पाण्यात बुडणारी पानं काढा. नुसती साखर घातली तर जिवाणूंचीच चंगळ. गुलाबासाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस घाला. जरबेऱ्याला साध्या पाण्यात ब्लीचचे चार थेंब. लिंबू आणि ब्लीच एकत्र मात्र करू नका. तांब्याचं नाणं टाकायचा उपाय माझ्या मते सोडून द्यावा.

गणपतीत मखराशेजारी केळीचा घड असतोच. पिकत्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटतात, म्हणून ती फुलं दुसऱ्या बाजूला ठेवा. पाणी रोज बदला. जरबेऱ्याला चार बोटं पाणी पुरे. त्याचा केसाळ देठ जास्त बुडाला की कुजतो.