बूट पॉलिशचा खर्च कमी करताना या चुका टाळा

जून महिन्यात शाळा उघडताना साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत काळ्या बुटांची खरेदी होते, आणि गणपती येईपर्यंत त्याच बुटांवर भेगा, पांढरे डाग किंवा चिकट थर दिसू लागतो. दोष पावसाला दिला जातो, काही वेळा मुलांनाही. परंतु पुष्कळदा हे बूट बिघडतात ते ‘स्वस्तात पॉलिश’ करण्याच्या घरगुती उपायांमुळे. पॉलिशची डबी मुळात फार महाग वस्तू नाही. आठवड्यातून एकदा पॉलिश करणाऱ्या माणसाला ४० ग्रॅमची एक डबी वर्षभर पुरायला हरकत नाही. आमच्या घरात मात्र डबी वापरून संपल्याचे मला आठवत नाही. ती नेहमी वाळूनच संपत असे. म्हणून बचत पर्यायी पदार्थांत शोधण्यापेक्षा वापरण्याच्या रीतीत शोधावी, असे माझे मत आहे, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

बूट कशाचा आहे हे न पाहता पॉलिश लावणे

सर्वांत मोठी बचत येथेच आहे. शाळेच्या मुलांचे आणि कमी किमतीचे बरेचसे बूट आज चामड्याचे नसतात. कापडावर प्लॅस्टिकचा थर चढवून केलेल्या कृत्रिम चामड्याचे, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो त्याचे असतात. मेणाचे पॉलिश अशा थरात मुरत नाही. ते वरच बसून राहते, धूळ धरते आणि मोज्यांना व पँटच्या काठाला लागते. असे बूट ओल्या फडक्याने पुसून कोरड्या फडक्याने घासले की पुरे. त्यासाठी डबी उघडण्याचीही गरज नाही.

ओळखायचे कसे, तर बुटाची जीभ उचलून तिची कापलेली कड उजेडात पाहावी. खऱ्या चामड्याची कड तंतुमय असते; कृत्रिम चामड्याच्या कडेला वर पातळ गुळगुळीत पापुद्रा आणि खाली विणलेले कापड दिसते. पाण्याचा थेंब टाकून पाहावे असेही सांगितले जाते, पण ती परीक्षा फसवी आहे, कारण खऱ्या चामड्यावरही कारखान्यात रंगाचा जाड थर दिलेला असू शकतो आणि मग थेंब त्यावरूनही तसाच ओघळतो. कृत्रिम बुटाचे पापुद्रे सुटू लागले असतील तर कोणतेही पॉलिश ते पुन्हा चिकटवीत नाही. मखमलीसारखी लव असलेल्या चामड्यालाही मेणाचे पॉलिश लावू नये. लव एकदा चिकटून बसली की ती उठत नाही. तेथे कोरडा ब्रश फिरवणे पुरेसे असते.

तेल, केळ्याची साल आणि काजळी

वहाणांना तेल पाजतात, मग बुटांना का नको, हा प्रश्न आमच्या भागात स्वाभाविक आहे. कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात कर्नाटकातील चार जिल्ह्यांबरोबर महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर हे चार जिल्हे आहेत. त्या चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींच्या साहाय्याने कमावतात आणि त्यावर रंगाचा बंदिस्त थर नसतो, त्यामुळे ते तेल पिऊन मऊ होते. नवी वहाण चावू लागली की तिला तेल देण्याची जुन्या माणसांची रीत त्या चामड्यापुरती अगदी योग्य होती. बुटांचे चामडे मात्र बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा गुळगुळीत लेप असतो. अशा चामड्याला तेल लावले तर ते बरेचसे वरच राहते, आणि जे घड्यांच्या बारीक भेगांतून आत शिरते ते डाग पाडते व तळ चिकटवलेले सोल्युशन सैल करते.

खोबरेल तेलाची आणखी एक गंमत आहे. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, त्यामुळे डिसेंबरातल्या सकाळी बाटलीत जे दिसते तेच बुटाच्या घड्यांतही पांढुरके होऊन दिसते. शेंगदाण्याचे तेल गोठत नाही, पण हवा लागून खवट आणि चिकट होते. केळ्याच्या सालीने येणारी चमक ही ओलाव्याची चमक असते. साल वाळली की चमक जाते आणि साखर मागे उरते. मी हा प्रयोग एका रविवारी केला आणि सोमवारी सकाळी बुटांत मुंग्यांची रांग पाहिली. तव्याखालची काजळी तेलात कालवून लावण्याचा उपाय एखाद्या फोटोपुरता चालेल, पण त्यानंतर बुटांपेक्षा पँट अधिक काळी होते. पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य वापरल्यास चामड्यावरचा रंगच निघून येतो, आणि या द्रव्यांना चटकन आग लागते ती गोष्ट वेगळीच. या सर्वांत निरुपद्रवी म्हणजे व्हॅसलीन: लग्नाला निघताना डबी रिकामी सापडली तर बोटाच्या टोकाएवढे घेऊन चोळावे आणि पुसून टाकावे, परंतु त्याची सवय करू नये, कारण तेही धूळ धरते.

स्पंजची टोपी असलेले द्रव पॉलिश हा अनेकांना स्वस्त मार्ग वाटतो, कारण त्याला ब्रश लागत नाही. त्यातून बुटावर एक पातळ पापुद्रा बसतो, आणि थरावर थर चढत गेले की पाऊल दुमडते त्या ठिकाणी तो तडकतो. घाईच्या दिवशी ते ठीक आहे. एरवी मेणाची डबी अधिक स्वस्त पडते, कारण ती बूट टिकवते.

धुळीवर पॉलिश आणि गरजेपेक्षा जास्त पॉलिश

माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते अपशिंग्याचे, म्हणजे ज्या गावाला सगळा जिल्हा मिलिटरी अपशिंगे म्हणून ओळखतो त्या गावचे. मला पहिल्यांदा बूट पॉलिश करताना पाहून ते म्हणाले होते, ‘‘आरं, पोळीला तूप लावतोयस का बुटाला पॉलिश?’’ त्यांच्या हिशेबाने एका बुटाला हरभऱ्याच्या डाळीएवढे पॉलिश पुरते, आणि त्यात मला आजपर्यंत दुरुस्ती करावी लागलेली नाही.

मेणाच्या पॉलिशमध्ये मेण, रंग आणि मेण विरघळवून ठेवणारे उडून जाणारे द्रव्य असते. पातळ थर दिला की ते द्रव्य उडून जाते, मेण घट्ट बसते आणि घासल्यावर चमकते. जाड थरात द्रव्य आत अडकून राहते, वरचे मेण मऊच राहते, आणि कितीही घासले तरी मळकट झाक जात नाही. अशा वेळी बहुतेक जण आणखी पॉलिश लावतात, आणि डबी संपते ती अशी. धुळीवर पॉलिश लावले तर तीच धूळ मेणात कालवली जाते आणि घासताना बारीक सँडपेपरसारखी चामडे ओरबाडते. म्हणून नाड्या काढून, तळाच्या कडेसकट आधी कोरडा ब्रश मारावा, मग किंचित ओल्या फडक्याने पुसून बूट पंधरा मिनिटे सुकू द्यावा, आणि त्यानंतरच जुन्या बनियनच्या तुकड्याने गोल गोल फिरवत पॉलिश लावावे. पाच ते दहा मिनिटे थांबून ब्रशने घासावे. मामा शेवटी कापसाचा बोळा थेंबभर पाण्यात बुडवून, त्यावर नावापुरते मेण घेऊन फक्त बुटाच्या नाकावर फिरवीत. परेडची आरशासारखी चमक त्या पाण्याने येते. पाऊल जेथे दुमडते तेथे असे थर चढवू नयेत, कारण ते पहिल्याच दिवशी तडकतात.

काळ्यासाठी आणि तपकिरीसाठी ब्रश वेगळे ठेवावेत. तपकिरी, टॅन, मरून अशा प्रत्येक रंगाची डबी घेण्यापेक्षा एक बिनरंगी डबी सर्वांना चालते. ती ओरखडे झाकत नाही, पण रोजच्या चमकेसाठी पुरते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांच्याकडे चामड्याचा एकच जोड आहे आणि तो सणासमारंभालाच पायात जातो, त्यांनी ब्रश आणि डबी घरात आणूच नये. एसटी स्टँडबाहेर बसणाऱ्या कारागिराकडून पॉलिश करून घेणे त्यांना स्वस्त पडते, शिवाय उसवलेली शिवण त्याच्या नजरेतून सुटत नाही.

पावसाळ्यातले बूट

कासच्या रस्त्यावरून आलेला तांबडा चिखल बुटावर वाळू देऊ नये. ओला असतानाच पुसावा. भिजलेला बूट चुलीजवळ, फ्रिजच्या मागे किंवा कडक उन्हात ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. झपाट्याने वाळलेले चामडे आखडते, टणक होते आणि मग भेगाळते. भेगेवर पॉलिशचा उपाय नसतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट पंख्याखाली आडवा ठेवावा, म्हणजे तळालाही हवा लागते. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस लागतात. त्याआधी पॉलिश लावले तर ओल आत कोंडली जाते.

पांढरे दिसले की ते काय आहे हे आधी ठरवावे, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. रेषेरेषेने उमटलेला पांढरा डाग घामातल्या मिठाचा असतो. एक भाग व्हिनेगर आणि दोन भाग पाणी यात फडके भिजवून, पिळून, हलक्या हाताने पुसल्यास तो निघतो. कुबट वासाची, लव आल्यासारखी दिसणारी पांढरी बुरी म्हणजे बुरशी. ती घरात न झटकता अंगणात पुसावी, तेच व्हिनेगरचे पाणी आतूनबाहेरून फिरवावे, बूट सावलीत वाळवावा आणि फडके फेकून द्यावे. याउलट थंडीत दिसणारी, वास नसलेली आणि बोटाच्या उबेने चोळल्यावर नाहीशी होणारी झाक ही चामड्यातली चरबी किंवा पॉलिशमधले मेण वर आल्याची असते, तिला नुसता ब्रश पुरतो. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकण्याने बुरशीचीच सोय होते. जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवावेत.

चमक येत नसेल, किंवा डबी वाळली असेल

सर्व नीट करूनही बूट मंदच दिसत असेल तर जुने थर साठले आहेत असे समजावे. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या टर्पेंटाइनचे दोन-चार थेंब फडक्यावर घेऊन, खिडकी उघडी ठेवून, हलकेच पुसावे. फडक्यावर मेणाऐवजी बुटाचा मूळ रंग उतरू लागला तर तेथेच थांबावे. वर्षातून दोन-तीनदा हे पुरते.

वाळून तडे गेलेली डबी फेकू नये. उडून गेले आहे ते द्रव्य. मेण आणि रंग डबीतच आहेत. ती गॅसवर मात्र कधीही ठेवू नये, कारण उरलेल्या द्रव्याची वाफ पेट घेते. गॅस बंद करून, गरम पाण्याच्या वाटीत डबी दहा मिनिटे ठेवावी, टर्पेंटाइनचे काही थेंब घालावेत आणि जुन्या चमच्याच्या पाठीने तुकडे दाबून एकजीव करावेत. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर झाकण लावून ठेवली तरी हेच काम होते. त्यानंतर झाकण चहूबाजूंनी दाबून बसवावे आणि डबी रबरबँडने आवळलेल्या छोट्या पिशवीत ठेवावी. चेपलेल्या झाकणाची डबी दुकानातून घेतानाच बदलून मागावी, कारण ती घरी आणल्यापासूनच वाळू लागते.