कॉलेजात फुगडीचं पथक जमवताना

गोव्यात फोंड्याच्या कॉलेजात मी तीन वर्षं फुगडीच्या पथकात होते. शेवटच्या वर्षी तर पथक माझ्याच गळ्यात पडलं. यंदा शेजारची पोर चवथीसाठी, म्हणजे गणेश चतुर्थीसाठी, पथक काढतेय. तिला अंगणात बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

नाच येणाऱ्याच मुली निवडू नकोस. पावलं पंधरा दिवसांत बसतात. कळशी फुगडीत कळशीत फुंकर मारून आवाज घुमवायचा असतो, म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात रिकामी कळशी दे. काठाशी ओठ नेऊन तिरकी फुंकर मारायची; सरळ आत मारली की नुसता वारा जातो, आवाज घुमत नाही. बहुतेकींना पहिल्यांदा जमत नाही. चार-पाच फुंकरींत डोकं गरगरतं, तेव्हा खाली बसवायचं. स्वतःच्या फुसक्या फुंकरीवर जी हसते, ती आपली. दुसरीच्या फुंकरीवर जी हसते, तिला घे, पण डोळा ठेव.

मग प्रत्येक नवखीला एक थोरली जोडून दे. माझी भाची अमेरिकेत शिकते. तिच्या सोरोरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या मंडळात, नव्या मुलीला 'बिग सिस्टर' मिळते, हे तिने मला फार कौतुकाने सांगितलं. जॉर्जियातल्या एका कॉलेजात १८५१ साली मुलींनी असं पहिलं मंडळ काढलं, ही माहितीही तिचीच. मी म्हटलं, बाय गो, नाव इंग्रजी असलं म्हणून काय झालं! आमच्या थोरलीचं काम साधं असायचं: तालीम संपली की धाकटीला कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये बसवायचं, बुडलेल्या तासांच्या नोट्स द्यायच्या आणि मुख्य म्हणजे तिच्या आईला पटवायचं. "मावशे, सातच्या आत घरात आणून सोडते," हे थोरलीने दारात उभं राहून सांगावं. फोनवर आया ऐकत नाहीत.

पैशांचं मात्र नीट ऐक, इथे मी चुकले आहे. सगळ्यांनी सारख्या साड्या घ्यायच्या असं मी ठरवलं आणि वहीत नावापुढे जमा-बाकी लिहून ती वही सगळ्यांसमोर वाचली. एक मुलगी दुसऱ्या दिवसापासून येईना. आजी आजारी आहे, म्हणाली. आजी ठणठणीत होती, हे मला महिन्याने बसमध्ये कळलं. तिच्या घरी गेले, माफी मागितली. तिने पाणी दिलं, पण बोलली नाही. बोलायला आणखी आठवडा गेला. तेव्हापासून आम्ही झाकणाला चीर पाडलेला डबा ठेवला. ज्याचं त्याने टाकावं, मोजणी एकदम शेवटी. कमी पडलं तर घरातल्या, आईच्या कपाटातल्या साड्या. रंग वेगवेगळे दिसले तर दिसू देत.

पुढे कुणी उभं राहायचं यावरून भांडणं होणारच. दर कार्यक्रमाला रांग बदल, विषय संपला.

जोडीची फुगडी सगळ्यात शेवटी शिकव. पायाची बोटं समोरासमोर भिडवायची, हातांची अढी घालून घट्ट धरायचं आणि अंग मागे टाकायचं. नवखी मागे झुकायला घाबरते, हात वाकवून धरते, मग गिरकी बसतच नाही. तिच्या समोर तिची थोरलीच उभी कर. घामाने हात निसटतात, तेव्हा आधी पदराला पुसून घ्यायचे.

आणि कळश्यांना खुणेचा दोरा बांध. आमच्या नेहमी अदलाबदल व्हायच्या. माझी त्या साडीवाल्या मुलीकडे गेली, तिची अजून माझ्या देवघरात आहे.