ऑनलाइन डावाआधीची तयारी: आधी कन्फर्म मूव्ह, मग बाकीचं

रविवारी पुन्हा बुद्धिबळाची ऑनलाइन रॅपिड म्हणजे जलद स्पर्धा आहे, प्रत्येकाला १५ मिनिटं आणि चालीमागे १० सेकंद जास्तीचे. मागच्या वेळी तिसऱ्या फेरीत माझा वजीर एच५ वर होता, उंट डी३ वर आणि समोरचा राजा जी८ वर. एच७ चं प्यादं मारलं की मात. टचपॅडवर वजीर ओढताना बोट मध्येच सुटलं आणि वजीर एच६ वर पडला. जी७ च्या प्याद्याने तो खाल्ला. ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून या वेळी सगळं आधीच लिहून काढतोय.

पहिलं काम 'कन्फर्म मूव्ह' चालू करणं. मोहरा घरात ठेवल्यावर बरोबरची खूण दाबेपर्यंत चाल जात नाही, ते हे सेटिंग. माझ्याकडे ते चालू आहे अशी माझी खात्री होती, कारण मामेभावाशी माझा दिवसाला एक चाल असा डाव चालतो आणि त्यात प्रत्येक वेळी ती खूण येते. पण ते फक्त त्या संथ डावांपुरतं चालू होतं. रॅपिडसाठी वेगळी टिक करावी लागते, हे मी बघितलंच नव्हतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या स्पर्धेच्या वेळेसमोर टिक आहे का ते बघा. शिवाय फोनवर केलं म्हणजे लॅपटॉपवरही झालं असं धरून चालू नका. ज्या यंत्रावर खेळणार, त्याच यंत्रावर, त्याच वेळेचा एक डाव कॉम्प्युटरशी लावा, एक प्यादं हलवा आणि खूण येते का ते डोळ्यांनी बघा. सेटिंगचं पान बघून समाधान मानू नका. 'वेळ जातो' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की चालीला १० सेकंद मिळतायत, त्यातला एक गेला तर जाऊ द्या. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये, म्हणजे चालीमागे जास्तीचे सेकंद न मिळणाऱ्या झटपट डावात मात्र हे परवडत नाही, तिथे पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची.

ती म्हणजे मोहरा ओढू नका. आधी मोहऱ्यावर क्लिक, मग घरावर क्लिक, आणि सेटिंगमध्येही तेवढीच पद्धत ठेवा. दोन्ही पद्धती चालू असल्या की हात आपोआप ओढायलाच जातो. याचाही एक धोका आहे. फोनवर हत्ती निवडून विचार करत बसलात आणि फोन सावरताना अंगठा पटावर टेकला, तर हत्ती तिथे गेलाच. विचार करायचा असेल तर निवड काढून टाका. आणि कन्फर्म मूव्ह चालू असेल तर हाही अपघात तिथेच अडतो, म्हणून पुन्हा सांगतो, ती टिक बघा.

किल्लेकोट (कॅसलिंग) करताना राजा जी१ ऐवजी एफ१ वर पडतो, हे मी दुसऱ्यांच्या डावात कितीदा तरी बघितलंय. राजा उचलून थेट आपल्याच हत्तीवर ठेवायचा पर्याय असेल तर तो घ्या, त्यात अर्ध्यावर पडायला जागाच नाही.

प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवणं, बंद. पांढऱ्याने पहिलं प्यादं बी३ वर आणि काळ्याने जी६ वर नेल्यावर काळ्याने डोळे झाकून उंट जी७ लावून ठेवला आणि पांढऱ्याने उंट बी२ वर आणला, तर काळ्याचा उंट तर जातोच, मागोमाग कोपऱ्यातला हत्तीही जातो. शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याचा आपोआप वजीर होणंही बंद ठेवा, समोरच्याला शह नसताना चालच उरली नाही तर डाव बरोबरीत (स्टेलमेट) सुटतो, तो तसा सुटू नये म्हणून कधी हत्तीच करावा लागतो.

टचपॅड नको, साधा माऊस घ्या, बिनतारी असेल तर नवा सेल घाला. फोनवर खेळणार असाल तर काच पुसा, हात कोरडे करा, नोटिफिकेशन बंद करा. चार्जर.

इंटरनेटला मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. ३० ऑगस्ट २०२० ला ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात कनेक्शन गेलं, निहाल सरीन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख वेळेवर हरले, भारताने अपील केलं आणि फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, भारत आणि रशियाला संयुक्त विजेतेपद दिलं. पण माऊस घसरला म्हणून असं अपील कुणी ऐकणार नाही. समोर पट मांडून खेळताना हात सुटला की चाल झाली, तोच न्याय इथेही. लिचेस या साइटच्या स्पर्धांत चाल परत घेता येत नाही, चेस डॉट कॉम या दुसऱ्या साइटवर ती सोय फक्त रेटिंग नसलेल्या डावांत आहे. म्हणजे उपाय एकच, चाल जाण्याआधी अडवणं. कन्फर्म मूव्ह.

तरीही चुकलंच तर माऊसवरून हात काढा. चॅटमध्ये विनवण्या नकोत. लगेच राजीनामा नको, मी तो दिला आणि नंतर इंजिनवर (चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर) बघितलं तर वजिराच्या बदल्यात हल्ला बराच शिल्लक होता. पुढच्या फेरीआधी पाणी प्या. आणि साइटने मध्ये लॉगआउट केलं असेल तर पुन्हा आत आल्यावर ती टिक परत बघा.