लहानपणची सायकल रंगवताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात जळगावच्या आमच्या वर्गात मोठी माणसं चित्रकला शिकायला येतात आणि त्यातल्या निम्म्यांना लहानपणची सायकल काढायची असते. विषय झकास. चित्रं मात्र एका साच्यातली: मावळता सूर्य, हात सोडून उतारावरून सुसाट निघालेलं पोर, वर चार बगळे. अहो, उतार कुठला? तापीकाठच्या गावात वाढलेल्या माणसाला उतार बघायला सातपुडा गाठावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सायकल मनातून काढणं. ‘सर, शाळा-कॉलेज सायकलवर झालंय, डोळे मिटून काढतो.’ काढा! लिव्हरपूल विद्यापीठाच्या रिबेका लॉसन यांनी 2006 साली नेमकी हीच गंमत अभ्यासली. भल्याभल्यांना फ्रेम, पायडल, चेन कुठे असतात ते धड दाखवता आलं नाही. आमच्याकडेही तेच. कुणी पुढचं आणि मागचं चाक सरळ दांडीनं जोडतो, म्हणजे हँडल वळणारच नाही. कुणी चेन पुढच्या चाकाला नेऊन लावतो.

अमळनेरकडचे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांना कैची काढायची होती. सीटवर बसून पाय पायडलला पोचत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून चालवायची ती. मोबाईलवरचा कुठलासा फोटो उलटा करून त्यांनी चित्र उतरवलं. सायकल कागदाच्या उजवीकडे निघालेली, चेन स्पष्ट दिसतेय आणि पोरगा अख्खाच्या अख्खा आपल्या बाजूला. आता बघा, चेन असते सायकलच्या उजव्या अंगाला. आपण चढतो डावीकडून. म्हणजे चेन दिसत असेल तर पोरगा सायकलच्या पलीकडे हवा. फ्रेमच्या तिकोनातून आपल्याकडे येतो तो फक्त त्याचा उजवा पाय.

गृहस्थ ऐकेनात. शेवटी दूधवाल्याची काळी बावीस इंची सायकल मागून आणली. साठी उलटलेल्या माणसानं धोतर नव्हे, चांगली इस्त्रीची पँट वर खोचली, दांडीखालून पाय घातला, दीड पायडल मारलं आणि सायकलसकट तुळशीच्या कुंड्यांवर. मी धावलो, तर हे पडल्या पडल्या म्हणतात, ‘आते ध्यानमा उनं!’

काय ध्यानात आलं? डावा हात हँडलवर, उजव्या काखेत सीट. अंग डावीकडे झुकलेलं, म्हणून सायकल उजवीकडे कललेली. पायडल पूर्ण फिरतच नाही; अर्धं खाली दाबायचं, उलटं वर आणायचं, फ्रीव्हील कटकटतं. दुसऱ्या चित्रात त्यांनी चेहरा सीटमागे अर्धा झाकला आणि सगळा जोर त्या एका पायावर दिला. घोट्याला चेनच्या ग्रीसचा काळा पट्टा. बगळे आपोआप उडून गेले.

तेव्हा माझ्या वर्गात पहिला अख्खा दिवस खरी सायकल समोर ठेवून नुसती पेन्सिल चालते. रंगाची पेटी उघडायची नाही. लोक कंटाळतात, दोघं-तिघं दुसऱ्या दिवशी येतच नाहीत, खुशाल जावोत. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलावर वस्तू मांडून अख्खं दृश्य उभं करायचे, मग त्याचा फोटो काढायचे. आणि तुम्हाला चहा होईपर्यंत चित्र हवंय!

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक: लाल मातीची वाट आणि कडेला नारळ. हे कोकण झालं! रावेर-यावलकडचा रस्ता काढायचा तर माती काळी, मे महिन्यात भेगाळलेली, वरची धूळ राखाडी. कडेला केळीची बाग, तिला शेवरीचं कुंपण, पानं वाऱ्यानं चिरलेली. चिरलेलं पान काढायला वेळ लागतो, म्हणून सगळे गुळगुळीत पान काढतात. उत्तरेला सातपुड्याची फिकट रेघ. आणि आभाळ निळंशार नको, उन्हानं पांढरं पडलेलं हवं.

सावलीचंही तसंच. जळगाव साधारण 21 अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो आणि सायकलची सावली तिच्या पोटाखाली बारीक पट्टी होऊन पडते. लांबलचक सावली काढायची आणि खाली ‘सुट्टीतली दुपार’ लिहायचं, हे चालणार नाही.

बाकीचं थोडक्यात. काळी सायकल म्हणून ट्यूबमधला काळा थापू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा, काळा जिवंत होतो. जुन्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 तारा, मागच्याला 40. त्या मोजून काढत बसू नका, उन्हात चमकणाऱ्या पाच-सात पुरेत. पोराच्या तोंडावर हसू चिकटवू नका. कैची मारणारं पोर दात-ओठ खात असतं.

जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, मध्येच वाळून कडा उमटतात ही तक्रार खानदेशात कायमची. 44 अंशांत दुसरं काय होणार? सकाळी नऊच्या आत वॉश उरका, 300 जीएसएमचा जाड कागद दोन्ही बाजूंनी ओला करून घ्या, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. आणि कूलरच्या तोंडासमोर बसू नका, त्याच्या तुषारांनी ओल्या आभाळावर ठिपके पडतात. मग ते पुसायला जाता आणि सातपुडाही पुसला जातो.