म्युझियममधली फायबर ऑप्टिक लाइटिंग : गोव्याच्या हवेत या चुका टाळा

फायबर ऑप्टिक लावलं म्हणजे आता वस्तूंना काही होणार नाही, ही समजूत सगळ्यात आधी डोक्यातून काढा. फायबर एकच काम करतं पण ते फार छान करतं. दिवा लांब एका बॉक्समध्ये राहतो आणि त्याचा उजेड तेवढा काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बारीक तंतूंतून शोकेसमध्ये येतो, म्हणजे आत वायर नाही, करंट नाही, उष्णता जवळपास नाही, यूव्ही (अतिनील किरण) अगदी नगण्य, आणि दिवा गेला तरी शोकेस उघडावी लागत नाही. गोव्यात या शेवटच्या गोष्टीला सोन्याचं मोल आहे, कारण जून ते सप्टेंबर शोकेस जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा बाहेरची ओली हवा आत शिरणार. पण उजेड तो उजेडच. कापडाचा, शाईचा, जलरंगाचा रंग उडवायला दिसणारा उजेड पण पुरतो, तो कुठल्या वाटेने आला याच्याशी त्या रंगाला काही देणंघेणं नसतं.

आणि आपल्याकडे जपायच्या वस्तू किती नाजूक आहेत बघा. जुन्या गोव्यात सांता मोनिका कॉन्व्हेंटमधलं ख्रिश्चन कला संग्रहालय घ्या, 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं आणि 2002 मध्ये इथे आलं, तिथे हस्तिदंती मूर्ती, चांदी, रंगवलेलं लाकूड, भरतकामाची वस्त्रं सगळं एका छताखाली आहे. फोंड्याकडच्या देवस्थानांत चांदीच्या पालख्या आणि प्रभावळी, गावागावातल्या घरांत जुन्या पोथ्या, कुणबी साड्या, पोर्तुगीज काळातले कागद. हल्ली लोक स्वतःच्या खर्चाने छोटी दालनं करून हे सगळं मांडतात, मला ते फार मोलाचं काम वाटतं, म्हणून ज्या चुका परत परत दिसतात त्या इथे सविस्तर लिहितोय.

बॉक्स शोकेसच्या पोटात कोंबणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त दिसणारी. जागा नसते, सुतार म्हणतो खालचं कपाट रिकामंच आहे, मग दिव्याचा बॉक्स शोकेसच्या बरोबर खाली प्लिंथमध्ये, म्हणजे खालच्या चौथऱ्यात, ठेवला जातो, पुढे छान पॉलिश केलेला दरवाजा, हवा जायला एक फट नाही. 100 वॅटचा हॅलोजन असेल तर त्यातली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन त्या कपाटात साठते, तिथून शोकेसच्या तळाला लागते आणि वर आत. म्हणजे ज्यासाठी फायबरचे पैसे मोजले तेच गेलं.

याने होतं काय ते आकड्यात सांगतो. 28 डिग्रीला 80 टक्के आर्द्रता असलेली हवा 33 डिग्रीपर्यंत तापली, तर पाणी तेवढंच असूनसुद्धा तिची आर्द्रता 60 टक्क्यांवर येते. संध्याकाळी लाइट बंद, परत 80. सकाळी परत 60. शिवाय गरम झाली की हवा फुगून फटीतून बाहेर पडते आणि रात्री थंड झाली की बाहेरची दमट हवा आत ओढून घेते, म्हणजे शोकेस रोज श्वास घेत राहते. हस्तिदंत आणि रंगवलेलं लाकूड या रोजच्या फुगण्या-आकसण्यानेच तडकतं, रंगाचे पोपडे सुटतात, आणि लोक म्हणतात वस्तू जुनीच होती. जुनी होती खरी, पण इतकी वर्षं देवघरातल्या काळोखात ती नीट होती ना.

बॉक्स बाहेर काढा. शेजारची भिंत, मागची सर्व्हिसची जागा, फॉल्स सीलिंगच्या वर, कुठेही चालेल पण हवा खेळती हवी, हात घालून साफ करता यायला हवं आणि छतावर कौलं असतील तर कौलांना लागून नको. मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते आणि पहिल्या पावसात नेमकं तिथेच गळतं. प्लिंथशिवाय पर्यायच नसेल तर प्लिंथ आणि शोकेसच्या मध्ये इन्सुलेशन घाला, खाली आणि मागे जाळी द्या, आणि हॅलोजनऐवजी कमी वॅटचं एलईडी इंजिन, म्हणजे एलईडीचा दिवा असलेला बॉक्स, घ्या. मग शोकेसमध्ये एक डेटालॉगर (तापमान-आर्द्रता नोंदवत राहणारं छोटं यंत्र) आठवडाभर ठेवून बघा. लाइट लागल्यावर आतलं तापमान खोलीपेक्षा वर चढत असेल तर काम झालेलं नाही.

याच्याच जोडीने येते ती भोकांची चूक. फायबर आत न्यायला भोकं पाडतात आणि ती तशीच सोडतात, मग ओल शोषणारं सिलिका जेल कितीही भरा, आठवड्यात ओलं. किंवा भरतात तर हार्डवेअरच्या दुकानातलं जे सिलिकॉन हाताला लागेल त्याने. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, आणि बंद शोकेसमध्ये ते शिशाला, तांब्या-पितळेला, शंख-शिंपल्यांना खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर सिलिकॉन मागा, आणि तेही पूर्ण सुकून शोकेस उघडी राहू दे काही दिवस, मगच वस्तू आत.

लक्स न मोजणं

"जरा अंधारल्यासारखं वाटतंय, वाढवा की थोडं." उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि तिथेच नुकसानाला सुरुवात होते. कापड, पोथ्या, जलरंग, छापील कागद, नैसर्गिक रंगात रंगवलेलं काहीही, यांना जगभर 50 लक्सची मर्यादा धरतात (लक्स म्हणजे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप). तैलचित्रं, लाकूड, न रंगवलेला हस्तिदंत यांना साधारण 200. दगड, चांदी, चिनी मातीची भांडी यांना उजेडाने काही होत नाही, तिथे हवं तेवढं चमकवा. एकाच शोकेसमध्ये चांदीचा कलश आणि त्याच्या खाली रेशमी वस्त्र असेल तर हिशोब वस्त्राचाच.

आणि फक्त लक्स बघून भागत नाही, तास पण मोजावे लागतात, कारण उजेडाचं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. 50 लक्स रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे 1,20,000 लक्स-तास. तीच लाइट रात्री बंद करायची राहून गेली आणि वर्षभर चोवीस तास जळली तर 4,38,000. म्हणजे मीटरवर 50 बरोबर दिसतात आणि साडेतीन पटीहून जास्त नुकसान चालू असतं. म्हणून टायमर लावाच, आणि माणसं कमी येणाऱ्या दालनात मोशन सेन्सर. हॅलोजन किंवा एलईडी असेल तरच सेन्सर हां. मेटल हॅलाइड हा दिव्याचा आणखी एक प्रकार, तो एकदा विझला की थंड झाल्याशिवाय परत पेटत नाही, काही मिनिटं अंधारच, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज जितक्या वेळा जाते ते बघता तो दिवा गोव्यात नवीन कामात घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजायचं कसं, तर लक्स मीटर वस्तूच्या पृष्ठभागाला लावून, तिच्याच कोनात धरून, आणि सगळ्यात उजळ जागी. मोबाइलचं ॲप अंदाजाला ठीक, निर्णयाला नाही. सगळ्यात उजळ जागा हा मुद्दा फायबरमध्ये फार महत्त्वाचा, कारण फायबरची टोकं वस्तूच्या खूप जवळ आणता येतात. समजा वरच्या चौकटीतलं टोक मूर्तीच्या कपाळापासून 15 सेंमीवर आहे आणि पायापासून 60 सेंमीवर. अंतर चौपट, म्हणजे उजेडात 16 पट फरक. पायाशी 50 लक्स आले म्हणून तुम्ही खूश, आणि तिकडे कपाळावर 800. टोकाला लेन्स न लावता नुसतं सोडलं तर उजेड साधारण 60 डिग्रीत पसरतो, म्हणून जवळच्या भागासाठी एखाददुसरं टोक, लांबच्यासाठी लेन्सवाली टोकं जास्त, आणि थोडी टोकं बाजूच्या उभ्या पट्टीत, असं वाटून द्यावं लागतं.

वळवणं, कापणं, पुसणं

"जरा घट्ट वळव रे, दिसायला नको" असं इलेक्ट्रिशियनला सांगू नका. ही वायर नाहीये. जाडीच्या निदान आठ ते दहा पट त्रिज्येचा वळसा ठेवा, कंपनीने जास्त सांगितला असेल तर तेवढा. काचेचे तंतू घट्ट वळणात आतल्या आत तुटतात, बाहेरचं आवरण मात्र साबूत दिसतं त्यामुळे कळत नाही. प्लास्टिकचं तुटत नाही पण वळणापाशी उजेड बाहेर गळतो आणि टोकाशी कमी पोचतो. केबल टाय करकचून बांधू नका.

काचेचं हार्नेस, म्हणजे तंतूंचा तयार संच, कारखान्यातून मापात कापून, पॉलिश करून येतं, साइटवर ते कापायचं नसतं, म्हणून ऑर्डर देण्याआधी दोरी घेऊन प्रत्येक वाट प्रत्यक्ष मोजा. प्रत्येक टोकापर्यंतचं फायबर शक्यतो सारख्या लांबीचं घ्या, कारण प्रत्येक मीटरला उजेड थोडा कमी होतो आणि लांब फायबरमधून येणाऱ्या उजेडाचा रंग पण किंचित हिरवटकडे झुकतो, मग एकाच शोकेसमध्ये एक कोपरा पिवळसर, दुसरा हिरवट. चांदीवर तर ते लगेच दिसतं. काच आणि प्लास्टिक एका शोकेसमध्ये मिसळू नका त्याच कारणाने.

पुसताना काचेच्या टोकांना आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. प्लास्टिकला नाही, त्याने पृष्ठभागावर बारीक चिरा पडून ते धुरकट होतं. मऊ कापड, थोडं साबणाचं पाणी, बास.

बिघाड कसा शोधायचा

एकच टोक मंद असेल तर दोष बहुतेक त्या टोकाचाच. आधी लेन्स काढून पुसा, सरकली आहे का बघा. तरी मंद असेल तर बॉक्स बंद करा, थंड होऊ दे, सगळी टोकं जिथे एकत्र बांधून येतात तो जुडगा, ज्याला कॉमन एंड म्हणतात, तो बाहेर काढा. मग शोकेसमधल्या त्या मंद टोकात साधी टॉर्च धरायला कोणाला तरी सांगा आणि तुम्ही कॉमन एंडकडे बघा. जे तंतू शाबूत आहेत ते चमकतात, तुटलेले काळे ठिपके दिसतात. प्लास्टिकच्या हार्नेसमध्ये चिकटवलेलं टोक आत सरकलेलं असतं कधीकधी, ते पण असंच कळतं. दिवा चालू असताना कॉमन एंड बाहेर काढून बॉक्सच्या तोंडात डोकावू नका, डोळ्याला इजा होईल.

सगळीच टोकं मंद झाली तर शोकेस उघडूच नका, दोष बॉक्समध्ये आहे. दिवा म्हातारा झालाय, किंवा उष्णता अडवणाऱ्या फिल्टरच्या काचेवर धूळ बसलीये, किंवा दिवा बदलताना तो नीट खाचेत बसलेला नाही. अर्धी उजळ अर्धी मंद असतील तर दिव्याचा झोत कॉमन एंडच्या मधोमध पडत नाहीये, किंवा हार्नेस बनवतानाच तंतू नीट मिसळलेले नाहीत. दुसऱ्या प्रकाराला साइटवर उपाय नाही, म्हणून माल घेतानाच सगळी टोकं पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी धरून बघा.

कॉमन एंड तपकिरी, वितळल्यासारखा झाला असेल तर प्लास्टिक तापलंय. साधारण 70 डिग्रीच्या वर त्याला सहन होत नाही. नुसतं हार्नेस बदलून उपयोग नाही, आधी पंखा बघा. आणि पंखा का थांबला ते पण बघा, कारण मिरामार किंवा कळंगुटसारख्या किनाऱ्याजवळच्या जागी खारी हवा पंख्याच्या बेअरिंगला गंज आणते, आतल्या गावात पाली आणि मुंग्या बॉक्समध्ये घरं करतात. बॉक्सला बारीक स्टीलची जाळी लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि चवथीनंतर एकदा उघडून साफ करा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसतात अशी तक्रार एलईडी इंजिनमध्ये येते, ते डिमिंगमुळे (उजेड कमी करण्यामुळे), ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग, बदलून घ्या. एलईडी घेताना सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 90च्या वर हवा, आणि तांबडा रंग कसा दिसतो ते वेगळं विचारा, कारण कुणबी साडीचा तांबडा रंग मेल्यासारखा दिसला तर बाकीचे आकडे काय कामाचे.

मोठ्या, उंच शोकेसला आज साधे चांगले एलईडी स्पॉट बाहेरून मारले तरी चालतं आणि खर्चही कमी येतो, फायबरचा हट्ट नको. फायबर घ्या ते छोट्या, घट्ट बंद शोकेसला, हस्तिदंताला, दागिन्यांना, पोथ्यांना, जिथे झाकण वर्षातून एकदाच उघडावं अशी तुमची इच्छा आहे.

आणि दिवा किंवा एलईडी मॉड्यूल बदललं की त्याच दिवशी लक्स परत मोजा. जुना मंदावलेला असतो, नवा जोरात असतो, कालचे 50 आज 70 झालेले असतात आणि दिसायला कोणालाच कळत नाही. नवा आकडा आणि तारीख मार्करने बॉक्सच्या झाकणावर लिहा, म्हणजे पुढच्या वेळी जो कोणी झाकण उघडेल त्याला आधी काय होतं ते समोरच दिसेल.